सॅम्पलखाली कुठला बेस?

जुन्या रेकॉर्डवरून उचललेल्या सुरावटीखाली बेस बसवायचाय? आधी सॅम्पलचा सूर तपासा. रेकॉर्डचा वेग जरासा इकडेतिकडे असला तरी सूर कीबोर्डच्या दोन पट्ट्यांमध्ये अडकतो. सॅम्पल काही सेंट वर-खाली करून घ्या (एका अर्धस्वरात १०० सेंट). त्यातला मूळ बेस हाय-पास फिल्टरने साधारण १५० हर्ट्झखाली छाटा.

आता खरी गंमत! समजा, सुरावट सा वर थांबलीय. खाली सा दिलात तर ती घरी पोचते. खाली म दिलात तर तोच सा त्याचा पंचम होतो, भक्कम आणि मोकळा. शुद्ध ध दिलात तर सा त्याचा कोमल गंधार बनतो आणि सगळं उदास होतं. कोमल ध दिलात तर शुद्ध गंधार, आणि एकदम उजाडतं. वरचा सूर तसूभरही हललेला नसतो!

प्रत्येक सुराखाली बेस बदलू नका. ठोक्यावर येणारे, लांबलेले सूर धरा. मधले जाऊ द्या. आणि अगदी खालच्या सप्तकात एका वेळी एकच सूर, दोन वाजवले की नुसता गढूळपणा.

ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या हिप-हॉप गटाच्या 'द लो एंड थिअरी' (१९९१) या अल्बमात जॅझ बेसवादक रॉन कार्टर यांनी एका गाण्यात डबल बेस वाजवलाय. हेडफोन लावून जरूर ऐका.