मोटारीतला टेप बोलेना, तर दोष कोठे शोधावा?

उसाचा हंगाम लागला की न्हावरे-चौफुला रस्त्यावर ट्रॅक्टर दिसण्याच्या आधी त्याचे गाणे ऐकू येते. दोन ट्रॉल्या ऊस ओढणाऱ्या चालकाला ते गाणे जागे ठेवते, आणि कारखान्याच्या दारी रांगेत रात्र काढावी लागली तर सोबतही करते. जीप असो, टेंपो असो की घरची लहान मोटार, वाहन दारात आले की चार दिवसांत त्यात टेप बसतो. कॅसेट गेली, तिच्या जागी पेनड्राइव्ह आणि ब्लूटूथ आले. पण त्या यंत्राला आपण आजही टेपच म्हणतो. या लेखातही तेच नाव वापरू.

हा टेप एक दिवस अचानक मुका होतो. मालक म्हणतो, "टेप गेला, नवा घ्यावा लागणार." मंडळी, इथे जरा थांबा. यंत्र कारखान्यातून तपासून आलेले असते. त्याची जोडणी मात्र पुष्कळदा रस्त्याच्या कडेला, वायरी दातांनी सोलून, पिळ देऊन आणि वर चिकटपट्टी गुंडाळून झालेली असते. आपल्याकडचा उन्हाळा त्या पट्टीचा डिंक वितळवतो, कच्चा रस्ता पिळ सैल करतो. म्हणून दोष आधी जोडणीत शोधावा. ही गोष्ट केवळ गाण्याची नाही. याच बॅटरीवर रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी जीप चालू व्हायची असते, आणि याच वायरींतून आगीची ठिणगीही पडू शकते.

प्रथम विजेची वाट समजून घेऊ. विहिरीचे पाणी पाटाने शेतात जाते आणि तिथेच मुरते. विजेचे तसे नाही. ती गेली तशी परत आली पाहिजे. बॅटरीच्या अधिक टोकाकडून ती फ्यूजमधून टेपात जाते आणि तिथून वाहनाच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीच्या उणे टोकाला परत येते. या परतीच्या वाटेला मेस्त्री लोक 'अर्थ' किंवा 'बॉडी अर्थ' म्हणतात. जाण्याची वाट तुटली तर टेप बंद पडतो, हे सर्वांना कळते. परतीची वाट तुटली तरी तो बंदच पडतो, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

बाजारातल्या बहुतेक टेपांच्या वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी वायर बॅटरीची. तिच्यात वीज सदैव हवी, कारण घड्याळ आणि स्टेशनांची आठवण तिच्यावर टिकते. तांबडी वायर चावीची. चावी फिरवली की तिच्यात वीज यावी आणि चावी काढली की जावी. काळी वायर अर्थची. निळी वायर वीज लागणाऱ्या एरियलला, आणि पांढऱ्या पट्ट्याची निळी वायर ॲम्प्लिफायरला जागे करण्यासाठी असते. पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी या चार स्पीकरांच्या; त्यांच्या काळ्या पट्ट्याच्या जोडीदार त्याच स्पीकरांच्या उणे वायरी. हे रंग टेपाचे झाले. वाहनाच्या स्वतःच्या वायरींचे रंग कंपनीगणिक निराळे असतात, म्हणून रंगाला रंग जोडू नये. आपल्या गाडीचा तयार कपलर बाजारात मिळत असेल तर तोच घ्यावा.

कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीचे उणे टोक सोडवावे आणि मगच वायरी सोडाव्यात वा जोडाव्यात. काम संपल्यावर तेच टोक शेवटी लावावे. अधिक टोक आधी सोडवायला गेलात आणि पाना लोखंडाला टेकला, तर जाळ उडेल. तपासण्याच्या वेळी मात्र वीज लागते. तेव्हा उणे टोक पुन्हा लावावे. हाताशी एक साधा मल्टिमीटर असावा आणि तो वीस व्होल्टच्या डी. सी. खुणेवर ठेवावा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५.

आता एकेक तक्रार घेऊ.

टेप मुळीच चालू होत नाही. आधी फ्यूज पाहा. एक वाहनाच्या फ्यूजपेटीत असतो, दुसरा बहुधा टेपाच्या पाठीवर. दोन्ही शाबूत असतील तर मीटरची काळी तार बॅटरीच्या उणे टोकाला लावा आणि तांबडी तार आधी पिवळ्या वायरीला, मग चावी फिरवून तांबड्या वायरीला. दोन्हीकडे बारा व्होल्ट मिळाले, तर संशय अर्थवर. टेप चालू करण्याचा प्रयत्न करीत त्याचे लोखंडी अंग आणि बॅटरीचे उणे टोक यांमध्ये मोजा. तिथे एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर परतीची वाट अडली आहे. अर्थचा स्क्रू काढा, खालचा रंग आणि गंज घासून लोखंड चकचकीत करा आणि स्क्रू पुन्हा आवळा.

टेप चालतो, पण चावी काढली की सारे विसरतो. बहुधा पिवळी आणि तांबडी यांची अदलाबदल झालेली असते, किंवा दोन्ही चावीलाच जोडलेल्या असतात.

सकाळी सेल्फ लागत नाही. इथे उलट झालेले असते. तांबडी वायर पिवळीबरोबर कायमच्या विजेला बांधलेली असते, किंवा ॲम्प्लिफायर रात्रभर जागा राहतो. हिशेब करून पाहा. अर्धा अँपिअर वीज दोन दिवस, म्हणजे ४८ तास, गळत राहिली तर २४ अँपिअर-तास जातात. लहान मोटारीची बॅटरीच ३५ अँपिअर-तासांच्या आसपास असते. मग सेल्फ कसा लागणार?

इंजिनाचा वेग वाढेल तशी गाण्यात शीळ वाढते. ही अल्टरनेटरची शीळ. मोबाइलचा चार्जर काढून पाहा. शीळ थांबली तर चोर सापडला. नाही तर टेप आणि ॲम्प्लिफायर यांची अर्थ चांगल्या लोखंडावर, शक्यतो एकाच जागी घ्या, आणि गाण्याची वायर बॅटरीच्या जाड वायरीपासून दूर न्या.

एखादा स्पीकर बोलत नाही. त्याच्या दोन्ही वायरी टेपापासून सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. 'टक्' आवाज आला तर स्पीकर आणि त्याची वायर बहुधा ठीक आहेत, दोष टेपाकडच्या जोडणीत किंवा टेपात आहे. सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक वायरीला लागले की कागदी पडदा बाहेर सरकतो. दोन स्पीकर उलटसुलट जोडले असतील तर एक पडदा बाहेर येताना दुसरा आत जातो आणि ढोलाचा घुमारा हरवतो. स्पीकरची उणे वायर सांगाड्याला मात्र कधीही जोडू नका. जुन्या काही यंत्रांत ते चालत असे. आजच्या टेपाचा त्यात जीव जातो.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो. ही सर्वांत महत्त्वाची तक्रार, आणि चुकीचा इलाज होतो तोही इथेच. कुणी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतो, कुणी तांब्याची तार घालतो, कुणी दहाच्या जागी तीसचा फ्यूज बसवतो. फ्यूज हा राखणदार आहे. तो उडतो म्हणून वायर वाचते. त्याला मारले की मग वायर तापते, तिचे आवरण वितळते आणि आसनाखालचा काथ्या पेट घेतो. "टेप दोनशे वॅटचा आहे, त्याला मोठाच फ्यूज हवा," असेही कुणी म्हणेल. पण टेपाच्या पाठीवर दहा अँपिअरचा फ्यूज असेल, तर बारा गुणिले दहा म्हणजे १२० वॅट झाले. खोक्यावरचा 'चार गुणिले पन्नास' हा क्षणभराच्या उसळीचा आकडा आहे. सतत तेवढी शक्ती टेप देतच नाही.

मग दोष शोधावा कसा? टेपाचा कपलर सुटा करा. फ्यूजच्या जागी दोन वायरींनी २१ वॅटचा बारा व्होल्टचा दिवा जोडा. दिवा भगभगीत पेटला तर वायर कुठे तरी लोखंडाला टेकली आहे. ती हळूहळू हलवत चला. दिवा विझला की जागा सापडली. दिवा पेटलाच नाही, तर दोष कपलरच्या पुढे, टेपाकडे आहे. बासच्या खोक्यासाठी बॅटरीवरून थेट जाड वायर घेतली असेल, तर तिचा फ्यूज बॅटरीपासून एका हाताच्या, म्हणजे दीड फुटाच्या, आत हवा. फ्यूज दूर असेल तर अलीकडची वायर बेवारस राहते.

दोन इशारे ध्यानात ठेवा. मोठ्या मालमोटारींत बहुधा चोवीस व्होल्ट असतात. तिथे बारा व्होल्टचा टेप थेट लावला तर जळेल. एकाच बॅटरीवर लावला तर तीच लवकर उतरेल. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर घ्यावा. दुसरे असे की, नव्या मोटारींत चाकाजवळ पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि पिवळे कपलर दिसले, तर ते बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांना मीटर, दिवा, हात, काही लावू नका. ते काम जाणत्या कारागिराचे.

शिक्षकांनो, हा धडा वर्गातही घेता येईल. बारा व्होल्टची एक बॅटरी, एक दिवा, एक फ्यूज आणि गंजलेली लोखंडी पट्टी एवढे साहित्य पुरे. पट्टी घासण्याआधी आणि घासल्यावर दिवा मुलांना पाहू द्या. 'परिपथ' हा शब्द मग पाठ करावा लागणार नाही. १९५६ साली पुणे केंद्राच्या कार्यक्रमांवर १५० गावांत शेतकरी मंडळांचा प्रयोग झाला, तेव्हा लोक रेडिओभोवती बसून ऐकत आणि नंतर आपसांत चर्चा करीत. हा लेखही तसाच चार जणांत वाचावा. मग ज्याच्या ट्रॅक्टरच्या फ्यूजपेटीत चांदी गुंडाळलेली असेल, त्याने ती त्याच संध्याकाळी काढून योग्य आकड्याचा फ्यूज बसवावा.