बायकोला घरी आणायचं, तर आधी घर सोडा

समजा, नेदरलँड्सच्या दक्षिणेला ब्रेडा नावाच्या गावात एक मराठी मुलगा वाढला. आईवडील पुण्याहून गेलेले, पोरगा तिथल्याच शाळेत शिकला, डच नागरिक झाला. वय चोवीस, अर्धा वेळ कॉलेज, अर्धा वेळ नोकरी. त्याचं लग्न साताऱ्याच्या मुलीशी झालंय आणि तिला ब्रेडाला न्यायचंय. डच कायदा त्याला मुख्यतः तीन गोष्टी विचारतो. दोघांनी वयाची २१ वर्षं पूर्ण केली आहेत का? नवऱ्याची कमाई निदान किमान वेतनाइतकी आणि टिकाऊ आहे का? आणि बायको भारतात असतानाच डच भाषेची व डच समाजाच्या माहितीची प्राथमिक परीक्षा पास झाली आहे का? ही परीक्षा २००६ पासून आहे. वयाचं जमतं. परीक्षेचं घोकून जमेल. अर्ध्या वेळच्या पगाराचं मात्र जमत नाही.

आता गंमत बघा. त्याच्या समोरच्या घरात एक पोलिश मुलगा भाड्याने राहतो. तोही अर्धवेळ नोकरीच करतो. त्याची बायको साताऱ्याची असती, तर तिला ना परीक्षा होती, ना नवऱ्याच्या पगाराला हा मापदंड. कारण तो युरोपीय संघाचा नागरिक असून दुसऱ्या सदस्य देशात राहतोय. अशा माणसाला २००४ चा एक युरोपीय निर्देश लागू होतो. त्याचा क्रमांक ३८, आणि वकील मंडळी त्याला याच आकड्याने ओळखतात. त्या निर्देशाखाली जोडीदाराचा व्हिसा फुकट आणि लवकर द्यावा लागतो. डच मुलगा मात्र स्वतःच्या देशात बसलाय, त्याने हद्द ओलांडलेली नाही, म्हणून त्याला फक्त डच कायदा. पिकतं तिथे विकत नाही, ते हे असं.

मग उपाय काय? आपल्याच देशात परक्यासारखं होऊन यायचं. म्हणजे काही काळ शेजारच्या देशात जाऊन राहायचं, बायकोला तिथे बोलवायचं, संसार मांडायचा आणि मग दोघांनी मिळून घरी परतायचं. परतताना युरोपीय हक्क सोबत येतो. हॉलंडमध्ये याला ‘बेल्जियमची वाट’ म्हणतात. ब्रिटनमध्ये हीच वाट एका पंजाबी माणसाच्या नावाने ओळखली गेली, आणि नियमाची मेख त्याच्या खटल्यातच आहे.

सुरिंदर सिंग हे भारतीय नागरिक. १९८२ मध्ये ब्रॅडफर्डला एका ब्रिटिश मुलीशी त्यांचं लग्न झालं. १९८३ ते १९८५ दोघांनी जर्मनीत नोकऱ्या केल्या आणि मग धंदा सुरू करायला ते ब्रिटनला परतले. पुढे संसार मोडला. घटस्फोट अजून पक्का व्हायचा होता, तेवढ्यात ब्रिटिश सरकारने त्यांना देशाबाहेर काढायचं ठरवलं. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात पोचलं आणि ७ जुलै १९९२ ला निकाल लागला. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. परदेशी नोकरीला गेलेल्या नागरिकाला घरी परतताना जोडीदार आणता येणार नसेल, तर तो मुळात जाईलच कशाला? म्हणून परतणाऱ्याच्या जोडीदाराला निदान तेवढे हक्क मिळाले पाहिजेत, जेवढे तो दुसऱ्या सदस्य देशात गेला असता तर मिळाले असते. निकाल आला तेव्हा सिंग यांचा घटस्फोट पक्का होऊन तीन वर्षं उलटली होती. ज्या नावाने पुढे कित्येकांचे संसार जुळले, त्याच्या स्वतःच्या संसाराची ही गत.

वीस वर्षं हा निकाल वकिलांच्याच कामाचा राहिला. जुलै २०१२ मध्ये ब्रिटनने नियम केला, की परदेशी जोडीदार आणायचा तर ब्रिटिश नागरिकाची वार्षिक कमाई १८,६०० पौंड हवी, एक मूल असेल तर २२,४००. जोडीदार परदेशात कितीही कमावत असला तरी ते धरायचं नाही. कमाई नसेल तर ६२,५०० पौंडांची शिल्लक दाखवा. तेव्हा कितीतरी ब्रिटिश माणसांना सुरिंदर सिंग आठवले. भाषेची अडचण नको म्हणून आयर्लंड सोयीचं पडे. ब्रिटिशांसाठी ही वाट ब्रेक्झिटबरोबर मिटली. ज्यांचा संसार त्याआधीच युरोपात मांडलेला होता, त्यांना जोडीदारासह परतायला मार्च २०२२ पर्यंतची सवड होती. कमाईची अट आता २९,००० पौंडांवर गेली आहे आणि चोरवाट उरलेली नाही. चोरवाट हा शब्द मी सवयीने लिहिला, पण तो बरोबर नाही. वाट न्यायालयाने आखलेली होती, फक्त लांबची होती.

युरोपीय संघात ती अजून चालू आहे. डेन्मार्कने २००२ मध्ये जोडीदार आणण्यासाठी दोघांचंही वय किमान २४ हवं असा नियम केला, तेव्हा तरुण डॅनिश जोडपी पुलापलीकडे स्वीडनच्या माल्मोला राहायला गेली. तो पूल २००० मध्येच खुला झाला होता, त्यामुळे घर माल्मोला आणि नोकरी कोपनहेगनला असा संसार जमून गेला.

आता आपल्या ब्रेडाच्या मुलाकडे वळू. तो बेल्जियममधल्या अँटवर्पला जाईल. पन्नासेक किलोमीटर, भाषा तीच, फक्त बोलण्याचा ढंग वेगळा.

पहिलं काम नोकरी. अर्धवेळ चालेल. १९८२ च्या लेव्हिन खटल्यात न्यायालयाने सांगितलंय, की काम खरं असावं, नावापुरतं नसावं. ते अर्धवेळ आहे, पगार किमान वेतनाहून कमी आहे, म्हणून माणूस कामगार ठरत नाही असं नाही. शिवाय तुम्ही कोणत्या हेतूने आलात, हेही त्यात बघायचं नाही. हा मुद्दा लोकांच्या लवकर गळी उतरत नाही. ‘आम्ही बायकोसाठीच आलोय’ हे लपवायची गरज नाही. गरज आहे ती खरोखर राहण्याची. नोकरी न करता साठवलेल्या पैशांवर राहायचं असेल तर तेही चालतं, पण मग पुरेसे पैसे आणि पूर्ण आरोग्य विमा दाखवावा लागतो. अँटवर्पला राहून ब्रेडाची जुनी नोकरी चालू ठेवणारेही आहेत. त्यांचा विमा साधारणपणे कामाच्या देशाचा राहतो, पण घरून काम किती करायचं याला मर्यादा असते, ती आधी विचारून घ्यावी.

दुसरं काम पत्ता. भाडेकरार करून नगरपालिकेत नोंद करायची. ती केली की काही दिवसांत त्या भागाचा पोलीस दारात उभा राहतो. घाबरायचं कारण नाही, तो चौकशीला आलेला नसतो, तुम्ही खरंच इथे राहता का एवढंच बघायला येतो. दारावर तुमचं नाव असावं, आत अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी दिसावीत. रिकाम्या खोलीत एक गादी टाकून पत्ता दाखवणारे इथेच अडकतात.

तिसरं काम साताऱ्याकडचं, आणि ते सर्वांत आधी सुरू करावं. लग्नाची पत्रिका आणि फोटो इथे कामाचे नाहीत, निबंधकाचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र हवं. त्याच्यावर आधी राज्य सरकारची मोहोर, मग दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचा अपॉस्टिल शिक्का. मग मान्यताप्राप्त भाषांतर. आणि नावं तपासा, बाबांनो. पासपोर्टवर माहेरचं नाव, प्रमाणपत्रावर सासरचं, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे निराळं, ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे. अँटवर्पच्या खिडकीपलीकडच्या बाईला मात्र त्या दोन वेगळ्या बायका वाटतात.

बायको व्हिसा घेऊन आली की नगरपालिकेत तिचा अर्ज. पावती म्हणून एक कागद मिळतो, त्याचं नाव ‘परिशिष्ट १९ तेर’. पोलीस पुन्हा येऊन जातो. मग निर्णय होईपर्यंतचं नारिंगी रंगाचं तात्पुरतं कार्ड मिळतं, आणि सहा महिन्यांच्या आत खरं कार्ड, ज्याला तिथे एफ-कार्ड म्हणतात. मुदत साधारण पाच वर्षं.

या ठिकाणी पुष्कळांना वाटतं, झालं, कार्ड मिळालं, चला घरी. जरा थांबा. १२ मार्च २०१४ ला न्यायालयाने ‘ओ आणि बी’ या डच खटल्यांत वाटेची लांबी मोजून दिली. शनिवार-रविवार जाऊन राहिलात, सुट्ट्या एकत्र काढल्यात, त्याची बेरीज करून चालत नाही. सलग तीन महिन्यांहून अधिक खरा मुक्काम हवा, आणि त्या काळात दोघांचा संसार तिथे सुरू झालेला किंवा पक्का झालेला हवा. बहुतेक जण तीनवर थांबत नाहीत, सहा-आठ महिने राहतात, आणि शहाणपण त्यातच आहे.

पुराव्याला विजेचं बिल, भाड्याच्या पावत्या, डॉक्टरची नोंद चालते. पण सगळ्यांत बोलका पुरावा बँकेचा उतारा. दूध, भाजी, बसचा पास कुठल्या गावात घेतला, ते त्यात तारखेसह असतं. रोजची खरेदी ब्रेडाच्या दुकानात आणि पत्ता अँटवर्पचा, तर उतारा तुमच्याविरुद्धच साक्ष देतो. संसार कुठे आहे हे किराण्यावरून कळतं, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं.

ब्रेडापासून जवळच बार्ले नावाचं गाव आहे. तिथे बेल्जियमचे २२ तुकडे हॉलंडच्या जमिनीत विखुरलेत, हद्द रस्त्यांतून आणि काही घरांमधूनही जाते, आणि घर कोणत्या देशातलं हे पुढचं दार कुठे उघडतं त्यावरून ठरतं. या मुलुखात परदेशी जाणं म्हणजे कधी कधी रस्ता ओलांडणं असतं. तरीही जोवर तो ओलांडून तुम्ही राहत नाही, तोवर हक्क नाही.

आपल्या गोव्याच्या लोकांना यातलं निम्मं आपोआप मिळतं. १९६१ च्या डिसेंबरपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येतं. असा गोंयकार डब्लिनला कामाला गेला, तर तो पहिल्या दिवसापासूनच दुसऱ्या सदस्य देशात आहे, वळसा घ्यायची गरज नाही. बायको आधी युरोपात कायदेशीर राहिलेली असावी, ही आयर्लंडची अटही २००८ च्या मेटॉक निकालाने गेली. मात्र पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, हा हिशेब घरी बसूनच करावा.

परतीला आता फार काही उरत नाही. अँटवर्पच्या नगरपालिकेत नाव कमी करायचं, ब्रेडाला घालायचं, आणि डच इमिग्रेशन खात्याकडे नेहमीचा जोडीदाराचा अर्ज न करता ‘युरोपीय कायद्यानुसार तपासणी’चा अर्ज द्यायचा. चुकीचा फॉर्म भरला की पुन्हा पगार आणि परीक्षा विचारली जाते. दोघांनी एकत्र परतावं. नवरा आधी येऊन बसला आणि बायको वर्षाने आली, तर तिचा संसार बेल्जियममधून सलग आला हे पटवणं अवघड जातं. कार्ड येईपर्यंत सहा महिने लागू शकतात. तोवर अँटवर्पच्या पावत्यांची फाइल माळ्यावर टाकू नये, हाताशीच ठेवावी.