मिहीर परत आला, आजोबा नाही आले

मैत्रिणींनो, २००१ सालची ती रात्र मला अजून आठवते. तेव्हा आमच्या पालीत घरोघरी केबल नव्हती. आमच्याकडे नुकतीच वायर आली होती. रात्री साडेदहाला शेजारच्या सात-आठ जणी भांडीकुंडी आवरून आमच्या ओसरीवर येऊन बसायच्या. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ लागायचं. त्यात तुलसीचा नवरा मिहीर अपघातात गेला आणि आमच्या सासूबाईंना रात्रभर झोप लागली नाही. सासरे हसून म्हणाले, “आगं, त्यो नट आपल्या घरी निवांत जेवत आसंल की!”

पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. देशभरातल्या बायका चिडल्या, हळहळल्या. मिहीरला परत आणा म्हणून वाहिनीकडे फोन नि पत्रं गेली. आणि काही महिन्यांत मिहीर खरंच परत आला! स्मृती गेलेला, मंदिरा नावाच्या डॉक्टरीणबाईच्या घरी राहणारा, पण जिवंत. घराला रंग कोणता द्यायचा हेसुद्धा ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्या बायकांनी एक माणूस यमाच्या दारातून ओढून आणला होता. सासूबाईंना त्यात नवल वाटलं नाही. म्हणाल्या, “सावित्रीनं दुसरं काय केलं व्हतं?”

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते २०२१ मध्ये. एप्रिल महिना, कोरोनाची दुसरी लाट. सासऱ्यांना धाप लागली म्हणून दवाखान्यात नेलं, ते घरी आलेच नाहीत. शेवटचं तोंडही कुणाला दिसलं नाही. आमचे हे लांब उभे राहून हात जोडून आले, तेवढंच.

माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. आजोबांचा भारी लाडका. बिंदुसरा धरण भरून चादर वाहायला लागली की आजोबांच्या सायकलवर पुढं बसून बघायला जायचा. आजोबा गेले म्हणून सांगितलं, तर तो रडला नाही. फक्त त्यांच्या बाजेवरची वाकळ कुणाला काढू देईना. पंधरा-वीस दिवसांनी मी ती उचलायला गेले, तर म्हणाला, “आई, राहू दे. बॉडी कुणी बघितली का? बॉडी दिसली नाही म्हणजे तो मेलेला नसतो.”

माझ्या पोटात धस्स झालं. हे त्याला कुणी शिकवलं? तर त्याच्या सुपरहिरोंनी. मामाच्या मुलाची जुनी कॉमिक्स त्याच्याकडे होती, टीव्हीवरचे हिंदीतले सिनेमे पाठ होते. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग मीही ती पुस्तकं घेऊन बसले. जे कळलं ते तुम्हालाही सांगते, कारण तुमच्याही घरात असा एखादा असेलच.

सुपरमॅन १९९२ साली मेला. अमेरिकेतल्या लोकांनी दुकानांपुढे रांगा लावून तो अंक घेतला. अंक काळ्या वेष्टनात होता, आत दंडाला बांधायची काळी पट्टीसुद्धा होती! आणि १९९३ मध्ये सुपरमॅन परत आला. कारण साधं आहे. ही पात्रं लेखकाची नसतात, कंपनीची असतात. पुस्तकं, सिनेमे, खेळणी, पोरांचे टी-शर्ट, सगळं त्यांच्यावर चालतं. चालत्या दुकानाला कायमचं कुलूप कोण लावील? म्हणून मरणही खपतं आणि परत येणंही खपतं.

वाचकांचा हात त्यात असतोच. कधी तो उलटाही पडतो. बॅटमॅनचा जोडीदार रॉबिन जगावा की मरावा, हे १९८८ मध्ये वाचकांना फोन करून ठरवायला सांगितलं होतं. जगावा म्हणणारे फोन ५,२७१ आणि मरावा म्हणणारे ५,३४३. फक्त ७२ फोनांनी पोरगं गेलं! पुढे २००५ मध्ये त्यालाही परत आणलंच.

आपल्याकडंही तेच. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ मध्ये सुरू झाली तीच मुळी अण्णा नाईकांच्या मृत्यूनं. पण प्रेक्षकांना त्या वाड्याची गोडी लागली. मग २०१९ मध्ये काळ मागे नेऊन अण्णांना जिवंत दाखवलं आणि २०२१ मध्ये भूत करून आणलं. मागणी असली की वाट सापडते.

पण वाचता वाचता मला एक माणूस असा भेटला, जो परत आणलेला नाही. स्पायडरमॅनचा काका, अंकल बेन. १९६२ च्या पहिल्याच गोष्टीत तो जातो. पुतण्यानं अडवला नाही म्हणून सुटलेला चोरच त्याला मारतो. अंगात बळ आहे तर जबाबदारीही आपलीच, हे त्या पोराला त्या दिवशी कळतं. काका परत आला तर पुढची सगळी गोष्टच कोसळेल. त्याच्या जाण्यावरच ती उभी आहे.

त्या संध्याकाळी मी मुलाला घेऊन धरणाच्या भिंतीवर गेले. म्हटलं, “राजा, बाबांनी लांबून बघितलंय. आजोबा आता येणार नाहीत. कुणी कितीही पत्रं लिहिली तरी नाही.” तो बराच वेळ पाण्याकडं बघत बसला. मग हळूच म्हणाला, “अंकल बेनसारखं?”

“हो. तसंच.”

तेव्हा तो रडला. पहिल्यांदा. मीही रडले. घरी आल्यावर त्यानं स्वतःच वाकळेची घडी घातली नि आज्जीच्या उशाशी नेऊन ठेवली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मैत्रिणींनो, त्या दोन वर्षांत कितीतरी घरांतली माणसं अशी तोंड न बघता गेली. लेकरांना आपण “देवाघरी गेले”, “लांब गेलेत” म्हणून गप्प केलं. पण लांब गेलेलं माणूस परत येतं, असंच लेकराला वाटत राहतं ना! म्हणून म्हणते, एकदा जवळ घेऊन स्पष्ट सांगा. आपणही त्यांच्याबरोबर रडा. लेकरं आपल्याला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ समजूतदार असतात.

ती सायकल आता मुलगा चालवतो. यंदा चादर वाहिली की आज्जीला मागं बसवून न्यायचं म्हणतोय. सासूबाई म्हणतात, “पाडशील मला!” पण लुगडं कोणतं नेसायचं, ते त्यांनी आत्ताच काढून ठेवलंय.