सायकली किती, चाके किती?

एका कारखान्याला ५०० सायकली करावयाच्या आहेत. चाके किती लागतील? १,००० असे तुम्ही चटकन सांगाल. कोठारात ३०० तयार असतील, तर नवी ७०० करावी लागतील. आरे, टायर, ट्यूब अशा प्रत्येक भागाचा हाच हिशेब संगणकाकडून करून घेण्याची पद्धत अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात जोसेफ ऑर्लिकी यांनी रुजविली.

जपानमध्ये टोयोटा कंपनीच्या ताइइची ओनो यांनी वेगळी वाट धरली. पुढच्या कामगाराने भाग उचलले की त्यांच्याबरोबरची चिठ्ठी मागे जाते आणि तेवढेच भाग पुन्हा तयार होतात. या चिठ्ठीला 'कानबान', म्हणजे पाटी, म्हणतात.

मग निवड कशी करावी? मागणी रोज साधारण सारखी असेल, तर चिठ्ठी पुरते. मालाचे प्रकार पुष्कळ आणि मागणी अनियमित असेल, तर आगाऊ हिशेब हवा. परंतु वहीत ३०० आणि कोठारात प्रत्यक्ष २०० चाके असतील, तर? ७०० नवी करूनही ५० सायकली अडून राहतील! संगणक बेरीज-वजाबाकी चुकत नाही. चुकते ती आपली मोजणी.

तुमच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या किती? आधी नोंदवही पाहा, मग कपाट उघडून मोजा.