उत्तरेचा बर्फ आणि आपला बांध

जित्याला सभा आटोपल्यावर एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारले, "भाऊ, उत्तर ध्रुवाचा बर्फ वितळला तर आमच्या खारीचा बांध राहील काय?" प्रश्न भाबडा नव्हे. बांधाला एकदा खांड गेली की भातखाचरात खारे पाणी शिरते, आणि ती जमीन पुन्हा पिकावर यायला काही पावसाळे जावे लागतात.

उत्तर ध्रुवावर जमीन नाही, समुद्र आहे. हिवाळ्यात तेथे सूर्य उगवतच नाही, आणि उणे पावणेदोन अंशांच्या सुमारास खारे पाणी गोठते. गोठताना ते मीठ बाहेर टाकते. (आपल्या मिठागरात ऊन पाणी नेते व मीठ ठेवते, तिकडे थंडीचा कारभार निराळा!) मार्चमध्ये हा बर्फ सुमारे दीड कोटी चौरस किलोमीटरांवर पसरतो, सप्टेंबरात सर्वांत कमी उरतो. ही वाढघट नित्याचीच. चिंता आहे ती सप्टेंबरच्या शिलकीची. १९८१ ते २०१० या काळात ती सरासरीने ६२ लाख चौरस किलोमीटर होती; २०१२ साली अवघी ३४ लाख उरली, म्हणजे जवळपास भारताएवढी.

आता काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फाचा खडा तरंगत ठेवून पाहा. तो विरघळला तरी पाणी सांडत नाही. तेव्हा या तरंगत्या बर्फाने बांध बुडणार नाही, असे मी त्या गृहस्थांना सांगितले. पण तेवढ्यावर थांबलो असतो तर ती फसवणूक झाली असती. पांढरा बर्फ निम्म्याहून अधिक ऊन परत पाठवतो, उघडे काळे पाणी दहावा हिस्सासुद्धा नाही. म्हणून बर्फ घटला की समुद्र तापतो, आणि पुढच्या हिवाळ्याचा बर्फ पातळ धरतो. शेजारी ग्रीनलंड आहे. तेथला बर्फ जमिनीवर बसलेला. तो वितळला की समुद्रात नव्या पाण्याची भर पडते. शिवाय तापलेले पाणी फुगते ते वेगळेच. १९०१ ते २०१८ या अवधीत जगातील समुद्राची पातळी सरासरीने वीस सेंटिमीटर चढली. जवळजवळ एक वीत!

वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राची माणसे २००८ पासून स्वालबार्ड द्वीपसमूहातील 'हिमाद्री' ठाण्यातून हे सारे पाहत आहेत.

म्हातारबांनी वीतभर हात पसरून पाहिला. म्हणाले, "उधाणाच्या रात्री वीत पुष्कळ होते. मग बांधावर तेवढी माती चढवायची मजुरी कोण देणार?"