आटे जुळले, तरी जोड जुळतोच असं नाही

पूल खेळणाऱ्याचा जीव शाफ्टमध्ये असतो. स्टिकचा मागचा अर्धा भाग म्हणजे बट. तो देखणा असतो, त्यावर नक्षी असते, कंपनीचं नाव असतं. पण बोटांच्या बेचक्यातून सरकतो तो पुढचा निमुळता भाग, आणि चेंडूला लागते ती त्याच्या टोकावरची चामड्याची टिकली. एकदा एखाद्या शाफ्टवर हात बसला की खेळाडू बट बदलेल, शाफ्ट सोडणार नाही. आणि अडतं ते तिथेच, कारण एका बटाचा शाफ्ट दुसऱ्या बटाला बसेलच असं नाही.

जुन्या पनवेलात माझं लेथचं दुकान आहे. पोटापाण्याचं काम तळोज्याच्या कारखान्यांचं, म्हणजे पंपाचे शाफ्ट, बुश, पुल्या. स्टिकांची कामं पोरांच्या तोंडोतोंडी येत गेली. खारघरहून एक मुलगा आला होता, एका हातात बट, दुसऱ्या हातात शाफ्ट. म्हणाला, “काका, दोन्हीवर अडीच सूत लिहिलंय, तरी बसत नाहीये.” मी थ्रेड गेज काढून लावला. बटाच्या तोंडातून बाहेर आलेल्या पिनेवर इंचाला १८ आटे होते, शाफ्टच्या आत १४.

आपल्याकडे कायद्याने मेट्रिक मापं १९५६ पासून आली, पण लेथवरचा माणूस अजून सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. पूल स्टिकच्या बहुतेक पिना अमेरिकी मापांत असतात, त्यामुळे सूत इथे बरोबर कामाला येतं. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, सुमारे ७.९४ मिलिमीटर. तीन सूत म्हणजे ३/८ इंच, साडेनऊ मिलिमीटरच्या किंचित वर. पण नुसत्या जाडीने भागत नाही. अडीच सुतात १४ आट्यांची पिन येते आणि १८ आट्यांचीही. जॉसच्या स्टिकला १४, म्युचीच्या स्टिकला १८. तीन सुतात मॅकडरमॉटची १० आट्यांची, कुणाची ११ आट्यांची, आणि रेडियल नावाची ८ गोल आट्यांची. प्रिडेटरसारख्यांचा युनि-लॉक जोड तर थोड्याच फेऱ्यांत घट्ट बसतो, त्याची पिनच निराळी.

सगळ्यात फसवं माप आठ मिलिमीटरच्या साध्या मेट्रिक बोल्टचं. अडीच सूत आणि आठ मिलिमीटर यांत डोळ्याला काही फरक कळत नाही. पण १८ आट्यांच्या पिनेवर दोन आट्यांतलं अंतर १.४१ मिलिमीटर असतं आणि मेट्रिकमध्ये १.२५. दोन फेऱ्या सहज जातात, मग अडकतं. मुलं तिथे जोर लावतात आणि शाफ्टच्या आतल्या पितळी इन्सर्टचे आटे सोलून निघतात. हाताने सहज जात नसेल तर तिथेच थांबायचं.

ही भानगड स्टिकवाल्यांनी सुरू केलेली नाही. १८४१ मध्ये इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचं एकच मोजमाप सुचवलं, आट्याचा कोन ५५ अंश. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंश धरला. अडीच सुताला दोघांनीही इंचाला १८च आटे ठेवले, म्हणून नट चढतो, पण अंगाला अंग लागत नाही, खडखडतो. दुसऱ्या महायुद्धात एका देशाचे स्क्रू दुसऱ्याच्या यंत्राला लागेनात. शेवटी १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने मिळून एक प्रमाण ठरवलं. अडीच सुताची १८ आट्यांची पिन त्या प्रमाणात बसते, म्हणून तिचा टॅप बाजारात सहज मिळतो. तीन सुताचा टॅप मागितलात तर दुकानदार १६ आट्यांचा देईल, कारण प्रमाण तेच आहे. १० किंवा ११ आट्यांचा टॅप मुद्दाम मागवावा लागतो, नाहीतर लेथवर एकेक आटा स्वतः पाडायचा. स्टिक बनवणाऱ्यांनी आपल्या सोयीचे आटे निवडले आणि गिऱ्हाइकाला आपल्याच शाफ्टशी बांधून ठेवलं. मला ते पटत नाही. ज्याने पैसे मोजले त्याला आपला शाफ्ट हव्या त्या बटावर लावता आला पाहिजे.

पनवेलला तरी ही गोष्ट समजावी. ब्रिटिश काळात हे गाव बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेलं होतं, आणि घाटावर जाणाऱ्या गाड्यांना इथली चाकं लागत. गाडी कुठलीही असो, चाक आसावर चढलं पाहिजे आणि डुगडुगता कामा नये.

डुगडुगणं हाच खरा मुद्दा. आटे फक्त ओढून धरतात. जोड सरळ राहतो तो बट आणि शाफ्ट यांची सपाट तोंडं एकमेकांवर पूर्ण टेकल्यामुळे. शाफ्ट साधारण २९ इंचांचा, म्हणजे ७३६ मिलिमीटर, आणि जोडाचा व्यास साडेएकवीस मिलिमीटरच्या आसपास. त्या तोंडाची एक कड दुसरीपेक्षा ०.०५ मिलिमीटरने, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्म्या जाडीने, उंच राहिली तर टोक पावणेदोन मिलिमीटर बाजूला जातं. टेबलावर स्टिक गडगडवून पाहिली की टोक नाचताना दिसतं. खेळणारा म्हणतो शाफ्ट वाकडा झाला. शाफ्ट सरळच असतो, तोंड तिरकं असतं.

त्यातही काही जोडांत इन्सर्टचा एक छोटा गळा तोंडाबाहेर आलेला असतो आणि तो बटाच्या खाचेत बसतो. असा शाफ्ट सपाट तोंडाच्या बटावर लावला तर आटे अगदी तेच असले तरी मध्ये फट राहते.

मग बदलायचं कसं? सोपी वाट अडॅप्टरची, म्हणजे एका बाजूला एक आटे, दुसऱ्या बाजूला दुसरे. मी तो करून देतो, पण सुचवत नाही. एका जोडाचे दोन जोड होतात, चूक दुप्पट व्हायला वाव मिळतो. शिवाय इंचभर लांबीचा भरीव पितळी तुकडा पाऊणशे ग्रॅमच्या आसपास भरतो. पूल स्टिकचं सगळं वजन साडेपाचशे ग्रॅमच्या आत-बाहेर असतं, त्यामुळे तोल लगेच पुढे सरकतो. ॲल्युमिनियमचा केला तर वजन एक तृतीयांश होतं, पण लांबी वाढते ती वाढतेच.

दुसरी वाट बटाची पिन बदलण्याची. त्यात जुने सगळे शाफ्ट निकामी होतात. म्हणून मी शाफ्टचं पोट बदलतो. शाफ्ट लेथच्या स्पिंडलमधून आरपार घालायचा, जोडाचं तोंड बाहेर ठेवायचं, डायल लावून ते मध्यावर आणायचं. जुनं इन्सर्ट पोखरून काढायचं. त्या जागी हायलमचा, म्हणजे राळेत दाबलेल्या थरांचा, रॉड अराल्डाइटने बसवायचा आणि एक दिवस हात लावायचा नाही. मग भोक. इथे ड्रिल वापरून चालत नाही, ते मध्य सोडून वाहवत जातं. बारीक बोरिंग टूलने कणाकणाने मोठं करायचं. आटे पाडून झाले की त्याच पकडीत, शाफ्ट न सोडता, तोंड साफ करायचं. पकड एकदा सुटली की भोक आणि तोंड यांचं नातं तुटतं.

हायलम घेतो त्याला पनवेलची हवा कारण आहे. मेपलच्या लाकडात थेट पाडलेले आटे छान लागतात, जोड एकजीव वाटतो. पण जुलैत इथलं लाकूड फुगतं, पिन करकरायला लागते आणि जानेवारीत तीच सैल होते. हायलम पाणी फारसं पीत नाही.

कार्बनच्या शाफ्टचं काम वेगळं. इन्सर्ट चिकटवलेलं असतं आणि ते सोडवायला जास्त आच दिली तर शाफ्टमधली राळच खराब होते. त्याची भुकटी फुप्फुसाला वाईट, म्हणून ओलं ठेवून, मास्क लावूनच कापायचं.

आपल्याकडे या सगळ्याचं भान उशिरा आलं, कारण आपला जुना खेळ बिलियर्ड्स आणि स्नूकर. स्नूकर १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत जन्मला, आणि पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सनी १९५८ मध्ये बिलियर्ड्सचं हौशी जागतिक विजेतेपद मिळवलं. त्या खेळांत अखंड काठी किंवा एका कारागिराने जोडी लावून दिलेली काठी चालायची. सुटा शाफ्ट वेगळा विकत घ्यायचा ही चाल पूलबरोबर आली. १९९४ मध्ये प्रिडेटरने चेंडू कमी बहकावणारा शाफ्ट काढला, तेव्हापासून बट एकाचा आणि शाफ्ट दुसऱ्याचा हे नेहमीचं झालं.

माझ्याकडे येणाऱ्यांना एकच सांगतो. फोटो पाठवू नका, फोटोत आटे मोजता येत नाहीत. शाफ्टबरोबर बटही आणा, कारण मी आटे तुमच्याच पिनेवर बसवून पाहतो. आणि नवीन स्टिक घेणार असाल, तर तुमच्या टेबलावरच्या इतरांकडे कुठली पिन आहे ते आधी विचारा. सगळ्यांनी तीन सुताची १० आट्यांची सपाट तोंडाची घेतली, तर स्पर्धेच्या दिवशी एकाचा शाफ्ट फुटला तरी शेजारच्याचा लावून डाव पुरा करता येईल.