जुनी ऑडी टीटी घेताय? नेदरलँड्समधले सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

नेदरलँड्समध्ये जरा बस्तान बसलं, की अ‍ॅम्स्टेलफेनपासून आइंडहोवनपर्यंतच्या मराठी घरांत गाडीचा विषय निघतोच. तेव्हा एखाद्याची नजर हमखास जुन्या ऑडी टीटी कूपेवर खिळते. गोलसर छपराची ही पहिली पिढी १९९८ मध्ये आली आणि २००६ पर्यंत बनली. आज ती हौशी माणसाच्या खिशाला परवडेल अशा किमतीत मिळते. गाडी देखणी आहे, चालवायला मजेदार आहे आणि नीट निगा राखली तर टिकतेही. पण तिच्याबद्दलचे काही समज घेणाऱ्याला हजारो युरोंना पडतात. पुढचे दुरुस्तीचे आकडे ढोबळ आहेत. गॅरेज आणि गाव बदललं की तेही बदलतात.

गैरसमज १ : एपीके नुकतीच झाली आहे, म्हणजे गाडी ठणठणीत आहे.

वस्तुस्थिती : एपीके ही सुरक्षिततेची आणि प्रदूषणाची तपासणी आहे. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सांगाड्याचा गंज आणि टायरची किमान १.६ मिलिमीटर खाच त्यात पाहतात. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला, क्लच किती उरला, गिअरबॉक्सचं तेल किती जुनं आहे, हे त्यात येत नाही. एवढ्या जुन्या पेट्रोल गाडीला एपीके दरवर्षी लागते. म्हणून विकणाऱ्याकडे मागच्या काही वर्षांचे अहवाल मागा आणि त्यांत ‘लक्ष ठेवा’ म्हणून नोंदवलेले मुद्दे वाचा. तेच मुद्दे दरवर्षी येत असतील, तर मालकाने दुरुस्ती टाळत गाडी रेटली आहे असं समजा.

गैरसमज २ : किलोमीटर कमी, म्हणजे गाडी चांगली.

वस्तुस्थिती : १ जानेवारी २०१४ पासून ओडोमीटरच्या नोंदी आरडीडब्ल्यू या सरकारी वाहन संस्थेकडे आहेत आणि आकडा मागे फिरवणं गुन्हा आहे. नंबरप्लेट टाकली की आकडा ‘लोगिश’ म्हणजे सुसंगत आहे की नाही, हे संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट दिसतं. पण सुसंगत आकडा म्हणजे निरोगी इंजिन नव्हे. शिवाय जर्मनीहून आणलेल्या गाडीचा आयातीपूर्वीचा इतिहास या नोंदींत नसू शकतो.

टीटीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहा. या गाडीचा मीटरचा डबा कुप्रसिद्ध आहे. मधल्या पडद्यावरचे ठिपके उडतात, इंधनाचा किंवा तापमानाचा काटा खोटं सांगतो. इंजिन तापलेलं असताना काटा निवांत दिसला, तर नुकसान कळायला उशीर होतो. चोरीपासून वाचवणाऱ्या इमोबिलायझरची माहितीही याच डब्यात असते. त्यामुळे दुसऱ्या गाडीतला डबा आणून बसवला की काम झालं, असं होत नाही. मूळ डबाच दुरुस्त करून देणारे कारागीर आहेत. साधारण २५० ते ४०० युरो धरा. डबा बदललेला असेल तर त्याचं बिल बघितल्याशिवाय किलोमीटरवर विश्वास ठेवू नका.

गैरसमज ३ : गाडी कमी चालली आहे, बेल्टला अजून वेळ आहे.

वस्तुस्थिती : १.८ लिटरच्या टर्बो इंजिनात टायमिंग बेल्ट रबराचा आहे. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं, म्हणून किलोमीटरइतकीच वर्षंही मोजायची असतात. बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपलीकडे जाऊ शकतो. पाण्याचा पंपही याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकदमच बदलावेत. स्वतंत्र गॅरेजमध्ये ६०० ते ९०० युरो लागतात. तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं बिल नसेल, तर बेल्ट बदललेला नाही असंच धरा.

गैरसमज ४ : ३.२ लिटरच्या गाडीत चेन आहे, म्हणजे चिंता मिटली.

वस्तुस्थिती : २००३ मध्ये आलेल्या ३.२ लिटर व्ही६ टीटीत बेल्ट नाही, चेन आहे. पण तीही ताणली जाते, आणि ती इंजिनाच्या गिअरबॉक्सकडच्या बाजूला असल्यामुळे तिथवर पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गॅरेजने १५ तास धरले आणि तासाला ९० युरो लावले, तर मजुरी १,३५० युरो. २१ टक्के व्हॅट मिळवला की १,६३३.५० युरो. सुटे भाग वेगळे. म्हणून गाडी पाहायला जाताना इंजिन आधी तापवून ठेवू नका, असं विकणाऱ्याला बजावा. थंड इंजिन चालू करताना खडखड ऐकू आली, तर पुढे जाण्याआधी चेनची तपासणी करून घ्या.

चिंता चेनपुरतीच नाही. क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा हॅल्डेक्स क्लच असतो. त्याचं तेल आणि फिल्टर ठरावीक काळाने बदलावे लागतात. ड्युअल क्लच डीएसजी गिअरबॉक्सचं तेलही ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. ही कामं काही शे युरोंत होतात. ती टाळल्यामुळे निकामी झालेला गिअरबॉक्स हजारोंत जातो.

गैरसमज ५ : डीलरने ‘हमी नाही’ असं लिहून दिलं, की आपला हक्क संपला.

वस्तुस्थिती : जुन्या गाड्या इथे बऱ्याचदा ‘आहे तशी घेऊन जा’ अशा दरात विकतात. पण ग्राहकाने व्यावसायिकाकडून गाडी घेतली, तर कायद्याने मिळणारं संरक्षण अशा एका ओळीने पुसलं जात नाही. २७ एप्रिल २०२२ पासून खरेदीनंतरच्या पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातच होता असं गृहीत धरलं जातं. तसं नव्हतं हे डीलरने सिद्ध करायचं. अर्थात वीस वर्षांच्या गाडीकडून नव्या गाडीची अपेक्षा कायदाही करत नाही. खासगी व्यक्तीकडून घेताना मात्र सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो.

गैरसमज ६ : गाडी स्वस्त, म्हणजे बाळगणंही स्वस्त, आणि उभी ठेवली तर खर्चच नाही.

वस्तुस्थिती : रस्ताकर गाडीच्या किमतीवर नाही, तर वजनावर, इंधनावर आणि प्रांतावर ठरतो. तीच टीटी अ‍ॅम्स्टेलफेनहून हेगला नेली तर कर वाढतो, कारण झाउड हॉलंडचा प्रांतिक अधिभार नोर्ड हॉलंडपेक्षा बराच जास्त आहे. जुन्या गाडीची करमाफी चाळीस वर्षांच्या गाडीला असते. टीटी त्यापासून फार दूर आहे. गाडी नावावर आहे तोवर ती उभी असली तरी कर आणि विमा सुरू राहतो. आरडीडब्ल्यूकडे नोंदणी तात्पुरती स्थगित करता येते, पण मग ती सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभीही करता येत नाही. स्वतःची बंदिस्त जागा नसेल तर या सोयीचा उपयोग नाही.

जाहिरातीतली चकाकी आणि किलोमीटर दुय्यम. जुन्या कूपेची खरी किंमत बिलांच्या फायलीत असते. दोन टीटी समोर असतील, एक १,००,००० किलोमीटरची पण कागदाविना आणि दुसरी १,८०,००० किलोमीटरची पण बेल्ट, हॅल्डेक्स आणि क्लचच्या बिलांसह, तर दुसरीच घ्या. सौदा पक्का करण्याआधी एएनडब्ल्यूबी या वाहनचालकांच्या संघटनेकडून किंवा या गाड्या रोज हाताळणाऱ्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्या. आणि हातातले सगळे पैसे खरेदीत ओतू नका: बजेट ६,००० युरोंचं असेल तर गाडी ४,५०० ची बघा आणि उरलेले १,५०० पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळे ठेवा. एवढी तयारी असेल, तर हौस जरूर करा.